खिडकीतला गुळाचा खडा

"मारू नका हो," सुनीतीबाई दारातूनच म्हणाल्या. "बाहेर सोडा म्हणजे झालं."

"मारतोय कशाला?" लोमटे म्हणाले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी काचेचा पेला उपडा धरला होता आणि आत गांधीलमाशी तणतणत होती. त्यांनी पेल्याखालून जुनी लग्नपत्रिका सरकवली आणि माशी अलगद प्लास्टिकच्या डब्यात उतरवली. झाकणाला भोकं पाडलेली होती. "खडकीच्या कारखान्यात जन्मभर दारूगोळा हाताळला, बाई. ही तर माशी."

हे वाक्य ते दर खेपेला म्हणायचे आणि सुनीतीबाई दर खेपेला हसायच्या.

लोमटे वरच्या मजल्यावरचे. मूळचे अंबाजोगाईकडचे. नोकरी संपल्यावर धायरीत फ्लॅट घेतला आणि वर्षभरातच बायको गेली. सुनीतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आमोद बंगळूरला. दोघांच्याही घरात दिवसभर टीव्हीशिवाय कोणी बोलत नाही. मग एकमेकांकडे चहाला जायला काय हरकत होती?

हरकत हीच, की पुण्यात कामाशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. आधी फोन करावा लागतो आणि फोनवर काम सांगावं लागतं. त्यातून एकट्या बाईकडे एकटा पुरुष, आणि समोरच्या शर्मिलाबाईंचं दार कायम बोटभर उघडं. "करमत नाही म्हणून आलो" असं म्हणायची छाती आहे कोणाची?

गांधीलमाशी मात्र काम होतं. तिला शर्मिलाबाईसुद्धा काही म्हणू शकत नव्हत्या.

पहिली माशी खरोखरच आपणहून आली. सुनीतीबाई घाबरून जिन्यात आल्या, तेव्हा लोमटे भाजीची पिशवी घेऊन चढत होते. माशी पकडून झाली, चहा झाला, अंबाजोगाईच्या गप्पा झाल्या. ते गेले आणि घर असं काही रिकामं झालं, की सुनीतीबाईंना रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकली आणि कठड्यावर गुळाचा खडा ठेवला.

जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि आता या वयात हे धंदे. त्यांना लाज वाटायची. पण खडा रोज नवा ठेवला जायचा. मुंग्या भरपूर यायच्या. गुळावर बसलेली गांधीलमाशी काही त्यांना कधी दिसली नाही. तरी एक गेली की काही दिवसांत दुसरी हजर. वासाला येत असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं.

माशी नेल्यावर एक-दोन दिवसांनी लोमटे विचारायला येत. "पुन्हा नाही ना आली? काम केलं की तपासणी करायची, कारखान्याची सवय आहे." उभ्याउभ्याच स्वयंपाकघरात एक नजर टाकायची, माठातलं पाणी प्यायचं आणि निघायचं. चहाला थांबायचे नाहीत. चहा फक्त माशी पकडली तरच.

आज पकडली होती, त्यामुळे आज चहा होता.

"ही बघा," लोमट्यांनी डबा पुढे धरला. "मागचा डावा पाय नाही हिला."

"अरेरे. लंगडी बिचारी. कुठे सोडता हो तुम्ही यांना?"

"लांब. पार कॅनॉलच्या पलीकडे." त्यांनी डबा पिशवीत ठेवला.

सुनीतीबाईंनी कप पुढे सरकवला. सांगायचं टाळत होत्या, पण सांगणं भागच होतं. "आमोदनं जाळीवाला ठरवलाय. शनिवारी सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसणार."

चूक त्यांचीच. फोनवर मुलाशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी गांधीलमाश्यांचं सांगितलं होतं. स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

लोमट्यांनी चहाचा एक घोट घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. "सुटलात."

"हो ना. तुमचाही त्रास वाचला."

"त्रास कसला," लोमटे म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवूनच उठले.

शनिवारी जाळ्या बसल्या. "आता डाससुद्धा यायचा नाही, आजी," जाळीवाला अभिमानानं म्हणाला. सुनीतीबाईंनी त्याला चहा दिला आणि कठड्यावरचा उरलेला खडा कचऱ्यात टाकला. रविवार कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. दोनदा त्यांना बेल वाजल्यासारखी वाटली. दोन्ही वेळा ती शर्मिलाबाईंची होती.

सोमवारी मात्र त्यांचीच वाजली. दारात लोमटे, हातात पिशवी.

"जाळी कशी बसली ते बघायला आलो. तपासणी."

"या ना. चहा टाकते."

"छे, छे. कशाला उगाच? तुम्ही बसा. मी बघतो."

स्वयंपाकघरात ते बराच वेळ होते. माठावरचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा रुमालानं हात पुसत होते.

"पक्की आहे. चारी बाजूंनी दाबून बघितली."

"चांगलं झालं," सुनीतीबाई म्हणाल्या. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. थांबा म्हणायला हवं होतं. पण कशासाठी, असं त्यांनी विचारलं असतं तर?

"येतो मग," लोमटे म्हणाले.

जिन्यावरची पावलं वर गेली, दार लागलं. झालं, ही शेवटचीच तपासणी, सुनीतीबाईंच्या मनात आलं. आता कुठल्या तोंडानं बोलवायचं?

पेला विसळायला म्हणून त्या आत गेल्या. खिडकीपाशी काहीतरी गुणगुणत होतं. नव्या जाळीवर, आतल्या बाजूनं, एक गांधीलमाशी वरखाली फिरत होती.

सुनीतीबाईंनी चष्मा लावला आणि जवळ जाऊन नीट पाहिलं. मागचा डावा पाय नव्हता.