पावडरचा पंप की स्प्रेचा

"जान्हवीला बरोबर घेतोय. तिला त्या डॉक्टरांची सवय आहे," विद्याधर म्हणाला आणि नीलाचं डोकंच फिरलं.

जान्हवी वरच्या मजल्यावरची. नवरा वारलेला, केस रंगवलेले, पर्समध्ये पावडरचा पंप. जुना दमा, म्हणे; पण पंप अशा ऐटीत ओढायची की बघणाऱ्याला वाटावं लिपस्टिक लावतेय. महिनाभर विद्याधरचं तिच्याकडे जाणंयेणं वाढलं होतं. विचारलं की एकच उत्तर, "पावडरचा पंप बरा की स्प्रेचा, ते समजून घेतोय." जन्मभर सिगरेटी फुंकल्या आणि आता फुप्फुसांची आठवण झाली! समजावून सांगायला हीच बया सापडली?

"मीपण येते," नीला म्हणाली. मसाल्याच्या मिरच्या अर्धवट भाजून तशाच राहिल्या. दर उन्हाळ्यात अर्धं पार्ले तिच्याच मसाल्यावर जेवायचं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेमकी बंद. विद्याधर आणि जान्हवी गप्पा मारत पुढे. नीला प्रत्येक मजल्यावर थांबून दारांतल्या चपला न्याहाळत मागून. ती तिची जुनी खोड; कुणाकडे कोण आलंय ते कळतं. मुद्दाम पळतायत दोघं, तिच्या मनात आलं.

डॉक्टर शर्मिष्ठांनी एक शिट्टी पुढे केली. "तोंडात धरून श्वास जोरात आत ओढायचा. वाजली तर पावडर चालेल. नाहीतर स्प्रे, पुढे ही मोठी नळी लावून."

"मी दाखवते ना," जान्हवी म्हणाली. शिट्टी झकास वाजली.

"वा!" विद्याधरने टाळी दिली.

टाळी! नीलाच्या मसाल्याला इतक्या वर्षांत 'बरा झालाय' यापलीकडे शब्द नव्हता. ती जळून खाक झाली.

"त्यात काय एवढं? द्या मला."

डॉक्टरांनी नवी शिट्टी दिली. नीलाने जीव खाऊन श्वास ओढला. शिट्टी गप्प. पुन्हा ओढला. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं.

"मिरच्यांचा खकाणा बसलाय," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी ती मोठी नळी उचलून तिच्यापुढे ठेवली आणि विद्याधरकडे वळल्या. "नीट तपासतेच, पण बहुतेक स्प्रेच लागेल. आणलंत कसं यांना? मेली तरी दवाखान्याची पायरी चढणार नाही, म्हणाला होतात."

"म्हणून तर जान्हवीला बरोबर घेतलं."