जावयाचे टोमॅटो

"आई, जरा पाय वर घेता का?" जावई म्हणाला, आणि त्याने टोमॅटोची आणखी एक कुंडी पलंग आणि खिडकीच्या मधल्या फटीत सरकवली.

बाईंनी पाय वर घेतले. त्या मुख्याध्यापिका असताना त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचे. आता एका कुंडीसाठी पाय वर घ्यायचे. आणि सांगणारा कोण? तर चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा पुसणारा माणूस.

"ऊन इथेच येतं ना," तो ओशाळून हसला.

"मग मलाही पाणी घालत जा. वाढेन."

"तुमचं आपलं काहीतरीच, आई."

विनोद कळायलाही डोकं लागतं, असं मनाशी म्हणून बाईंनी तोंड फिरवलं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाईंनी तिसऱ्या मजल्यावरचं आपलं घर विकून टाकलं होतं. आता उरलेलं आयुष्य मुलाकडे काढायचं की मुलीकडे, हे ठरवायचं होतं. ठरवणार अर्थातच त्या. म्हणून आधी मुलाकडे राहून झालं. तिथे सुनेने पन्नाशीला टेकल्यावर ट्रंपेट शिकायला घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ नुसता भोंगा. सून पहिल्यापासूनच अर्धवट. तिच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. बाईंनी निकाल राखून ठेवला आणि मुलीकडे आल्या.

इथे हे टोमॅटो.

टोमॅटो बाईंना लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असायचा. त्या बुळबुळीत बिया, आणि पाल्याचा तो उग्र वास, जो थेट डोक्यात जायचा. आल्या दिवशीच त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. जावयाचा चेहरा पडला.

"अरेरे, मला कल्पनाच नव्हती. पण आता एवढी झाडं वाढवलीयत... घरचे एकदा खाऊन तर बघा!"

तेव्हापासून सूप टोमॅटोचं, चटणी टोमॅटोची, आमलेटातही टोमॅटो. स्वतः मात्र तो ताटात एक फोड घ्यायचा नाही. "तुमच्यासाठी राहू देत," म्हणायचा. इतका बावळट माणूस आपल्या मुलीने कुठून शोधून काढला, हे कोडं बाईंना लग्नापासून सुटलेलं नव्हतं. खरं तर मुलीनेच त्याला आधी सांगायला हवं होतं. पण ती मुखदुर्बळ. नवऱ्यापुढे काय बोलणार, कपाळ!

पहाटे तर कहर व्हायचा. बंद खोलीत ना वारा, ना मधमाश्या. मग फळ धरणार कसं? म्हणून जावई विजेवरचा टूथब्रश सुरू करून एकेका फुलाच्या देठाला लावत फिरायचा. फूल थरथरलं की पराग झडतात म्हणे. घर्रर्र, थांब, पुन्हा घर्रर्र. बाई पांघरुणात दातओठ खात पडून राहायच्या.

"झोपमोड झाली का, आई?"

"छे! टोमॅटोंचे दात घासून झाले ना? आता गुळण्याही करवा."

यावर तो पुन्हा हसायचा. अपमान झालेला न कळणाऱ्या माणसाचा अपमान करण्यात तरी काय अर्थ!

"तुम्ही इथेच राहा ना कायमच्या," एकदा जेवताना तो कळवळून म्हणाला. "घराला वळण लागतं. तुमच्या उशाशी एक छान मांडव घालतो. उंच वाढणाऱ्या जातीची रोपं सांगून ठेवलीयत."

उशाशी मांडव! बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मी उद्याच मुलाकडे जातेय. कायमची. ट्रंपेटला निदान वास नसतो."

जावयाचा घास हातातच राहिला. मुलीने रुमाल डोळ्यांना लावला.

"आई, आमचं काही चुकलं का गं?"

"चुकायला आधी काहीतरी यावं लागतं," बाई म्हणाल्या.

पण रात्री त्यांना जरा वाईट वाटलं. सुनेने एकदाही राहा म्हटलं नव्हतं. हा मूर्ख असला तरी मनापासून म्हणत होता, आणि कुणीतरी असं म्हणावं, याची आपल्याला भूक आहे हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. तरीही निकाल तो निकाल.

दुसऱ्या दिवशी जावयाने सामान टॅक्सीत ठेवलं, वर टोमॅटोंची पिशवीही दिली आणि पडलेल्या चेहऱ्याने हात हलवत उभा राहिला. टॅक्सी चौकापर्यंत गेली तेव्हा बाईंना आठवलं, शाल पलंगावरच राहिली. त्यांनी टॅक्सी वळवायला लावली, पिशवी सीटवरच सोडली आणि लिफ्टने वर गेल्या.

दार उघडंच होतं. आत जावई नाकाला टॉवेल बांधून फळांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटत होता आणि कचऱ्याच्या पिशवीत कोंबत होता.

"दुसरी पिशवी आण लवकर," तो ओरडला. "या घाणेरड्या वासाने माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

मुलगी पाठमोरी होती. फोन कानाशी धरून ती इतकी खदखदून हसत होती की बाईंनी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"हरलास तू, दादा! ठरल्याप्रमाणे आई आता कायमची तुझी."