कॉफीच्या डब्यातली टेप

"टोपी," दोन्या कासिल्दा म्हणाली.

फेर्मिन मोटारसायकल दारात लावून दुकानात शिरला होता आणि रिवाजाप्रमाणे "आशीर्वाद, आई" म्हणाला होता. 'टोपी' ऐकताच त्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. निळी टोपी खाली आली, तेव्हा कुठे आईच्या तोंडून "देव तुझं भलं करो" निघालं. चांगला मिशा फुटलेला बाप्या, पण आशीर्वाद हवा तर डोकं उघडं पाहिजे, हा त्या घरचा कायदाच होता.

"अजून धाकात आहे वाटतं पोरगा," नेरेओ हसत म्हणाला. दुकान त्याचं.

"एकच तर उरलाय."

नेरेओचं हसू मावळलं. मिचेस गावात कोणाला ठाऊक नव्हतं ते? तिचा थोरला, ओविदिओ, चोरून होडीत बसून समुद्रापल्याड पोर्तो रिकोला निघाला आणि ती होडी पोचलीच नाही. निघायच्या दिवशी मायलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं. "जातोस तर जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं ती बोलून गेली. तो आशीर्वाद न मागताच उंबरा ओलांडून गेला. तेव्हापासून बाईच्या घशाखाली घास काही धड उतरत नव्हता.

मागे राहिली ती एक चिमुकली टेप. न्यूयॉर्कहून आलेल्या चुलतभावाच्या कॅमेऱ्यासमोर बसून ओविदिओने त्या भांडणानंतर, निघण्यापूर्वी आईसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं. कॅमेरा चुलतभावाबरोबर परत गेला, टेप कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडून राहिली. लावणार कशावर? आता लग्नांचं शूटिंग करणाऱ्या नेरेओला तसलाच एक जुना कॅमेरा मिळाला होता.

"कॉम्प्युटरवर एकदा उतरली की पुन्हा चिंता नाही," तो म्हणाला. "हवी तेवढ्या वेळा बघा."

"मला एकदाच बघायचीय. तो माझ्यावर रागावून गेला का, तेवढं कळू दे. मग मी मरायला मोकळी."

"मरणाच्या गोष्टी कशाला काढतेस गं," फेर्मिन पुटपुटला. त्याचा आवाज हल्ली थेट थोरल्यासारखा झाला होता. अंगणातून हाक मारली की तिच्या काळजात धस्स व्हायचं.

नेरेओने वायर जोडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिकल्या केसांची एक बाई उमटली. दोन्या कासिल्दाने बिचकून केस सारखे केले. पडद्यावरच्या बाईनेही केले.

"तुम्हीच आहात त्या. बटण असं असलं की कॅमेऱ्यासमोरचं दिसतं, आणि असं फिरवलं की टेप."

त्याने बटण फिरवलं. आत करकर झाली. पडद्यावर पट्टे आले, चौकोन आले, मग नुसता निळा रंग. त्याने टेप काढली, फुंकली, पुन्हा घातली. पुन्हा पट्टे. झाकण उघडून त्याने ती उजेडात धरली. कडेला पांढरं काहीतरी धरलं होतं.

"बुरशी," तो फेर्मिनला हळूच म्हणाला. तिने ते ऐकलंच.

"गेलं का रे सगळं?" तिने खुर्चीतून उठत विचारलं.

"साफ करून बघतो. आत पंखा आहे, तिथूनच लावतो. वायर लांब आहे, तुम्ही इथेच बसा पडद्यासमोर."

कॅमेरा घेऊन दोघं आत गेले. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. कुजबुज सुरू झाली. एकदा फेर्मिन "नाही, नको" म्हणाला, मग पुन्हा कुजबुज. तिने माळ काढली, पण मणी कुठवर आला तेच समजेना.

"आई, मी मागच्या दाराने जाऊन कॉफी आणतो," फेर्मिनने आतून सांगितलं.

"मला नको कॉफी. तू बस इथे."

उत्तर आलं नाही. गेला असावा.

थोड्या वेळाने नेरेओ दारात आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "लागली बघा," तो म्हणाला.

पडद्यावर स्वच्छ चित्र होतं, एकही पट्टा नाही. पाठीमागे उजेडाची खिडकी, त्यामुळे चेहरा काळोखात. डोक्यावर तीच निळी टोपी, जी ओविदिओ खुंटीवर ठेवून गेला आणि पुढे धाकट्याने उचलली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना आणखी काही दिसेना. तिने खुर्ची पुढे ओढली.

"आई," पडद्यावरचा पोरगा म्हणाला, आणि तिचा हात तोंडाशी गेला.

"मी रागावून जात नाहीये. तू काळजीपोटी बोललीस, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाहेरून केळीवाल्याची गाडी भोंगा लावून कोकलत गेली. नशिबाने पडद्यावरचा पोरगाही नेमका तेव्हाच बोलायचा थांबला. एकही शब्द बुडाला नाही.

"काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हट्टापायी. तुझा दोष नाही, ऐकलंस? तू पोटभर जेवत जा. फेर्मिनला फार बोलू नकोस, तोही तुझाच आहे." त्याने मान खाली घातली. "आणि तेवढं मागायचं राहून गेलं. आशीर्वाद, आई."

किती वर्षांचा दगड तिच्या छातीवरून उतरला. ती हमसून हमसून रडली, मग स्वतःशीच हसली, झग्याच्या बाहीने डोळे पुसले. द्यायला उशीर झाला होता, पण मागितला तर होता लेकराने. तिने तोंड उघडलं आणि सवयीने आधी जे यायचं तेच आलं.

"टोपी," ती म्हणाली.

पडद्यावरच्या पोराचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि निळी टोपी खाली आली.