बाबांची बारा बटणं

बाबांनी पहिलं बटण दाबलं आणि स्क्रीनवर फुली मारलेला स्पीकर उगवला. दुसरं दाबलं, तर आवाजाची पट्टी खाली घसरली. पाचवं दाबल्यावर स्क्रीनच अंधारली.

"बघतो म्हटलं ना," धाकटा म्हणाला. "दहादा दाबून काय होणार आहे?"

घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज जाणार हे कळल्यावर ताईने त्यांच्याकडून बारा वाक्यं बोलून घेतली होती आणि लॅपटॉपच्या वरच्या रांगेतल्या बारा फंक्शन बटणांवर एकेक बसवली होती. पहिल्यावर 'हो', दुसऱ्यावर 'नाही', मग 'पाणी हवंय', 'दुखतंय', 'दिवा बंद कर' असं. हात कापायचा, लिहिलेलं कुणाला लागायचं नाही. तेव्हा बाबांचं सगळं बोलणं म्हणजे ही बारा बटणं. आणि काल धाकट्याने, कुणी सांगितलं नसताना, लॅपटॉपवर नवी सिस्टीम चढवली. सारखी सूचना येत होती म्हणे.

नेमके आज चार वाजता दुकान विकत घेणारे गृहस्थ यायचे होते. शिलाई मशीन दुरुस्तीचं बाबांचं दुकान. व्यवहार धाकट्याने जमवत आणला होता, पण गृहस्थ जुन्या वळणाचे. मालक माझ्यासमोर हो म्हणू देत, मगच पुढचं, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

धाकट्याने सेटिंग्ज पालथी घातली. ड्रायव्हर काढला, परत घातला. लॅपटॉप बंद करून चालू करण्याचा तर सपाटाच लावला. इंटरनेटवर एकाने उपाय लिहिला होता, त्याच्याखाली सगळ्यांनी 'मलाही हाच त्रास' एवढंच लिहून ठेवलं होतं.

"या कंपनीवाल्यांना चांगलं चाललेलं बघवत नाही," तो करवादला.

"त्यांना कशाला नावं ठेवतोस? चढवलंस तू," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

बाबांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि मान हलवली. नाही.

"माहितीये बाबा, नाही चालत. त्याच्याच मागे लागलोय ना?"

बाबांनी पुन्हा मान हलवली आणि खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट केलं.

"तिथे नेऊन काय करू? हे काय शिलाई मशीन आहे, तेल घातलं की चालायला?"

"अरे, ते काय म्हणताहेत ते बघ तरी," आई म्हणाली.

"आई, आता तू आणखी डोकं खाऊ नकोस."

बाबांनी हात मांडीवर ठेवून दिला. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. धाकट्याचाही झाला होता, पण त्याला निदान बडबडता येत होतं.

शेवटी खोट सापडली ती भलत्याच जागी. लॅपटॉप सुरू होता होताच एक बटण धरून ठेवायचं, मग एक जुनाट निळं पान उघडतं, तिथे ती बटणं पुन्हा फंक्शनवर आणायची. त्याने आणली आणि पहिलं बटण दाबलं. "हो," बाबांचा पूर्वीचा खणखणीत आवाज खोलीत घुमला. धाकट्याने हुश्श केलं, तेवढ्यात बेल वाजली.

गृहस्थ बसले. चहा आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ते बाबांकडे वळले.

"काका, दुकान मला द्यायचं ना?"

बाबांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"नाही."

धाकटा ओशाळं हसला. "शेजारचं दाबलं गेलं. हात कापतो त्यांचा. बाबा, पहिलं. हे, पहिलं."

"नाही."

"अडकलं वाटतं. सकाळपासून छळलंय याने." त्याने बटण तपासायला हात पुढे केला.

बाबांनी तो हात बाजूला सारला. डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरलं आणि पहिल्या बटणावर बोट टेकवलं. "हो." मग दुसरं सोडून तिसरं. "पाणी हवंय." कुणी उठलं नाही. "दुखतंय." "दिवा बंद कर." दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाला चालवून दाखवावं तसे ते एकेक बटण दाबत गेले, प्रत्येक वाक्य पुरतं संपू देत, थेट बाराव्यापर्यंत. गृहस्थांनी कप खाली ठेवला. धाकटा आईकडे बघू लागला, पण आई बाबांच्या बोटाकडे बघत होती.

सगळी बटणं चालत होती.

बाबा परत दुसऱ्यावर आले.

"नाही."