पत्र्याची बॅट

१९४४ साली भूमिगतांची खबर पोलिसांना देणाऱ्याच्या तळपायाला पत्रा ठोकतात, असं आमच्याकडे लोक दबक्या आवाजात बोलायचे. एका आठवड्यात उसात लपलेले दोघे भूमिगत पकडले गेले. खबर कुणी दिली, ते कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात इस्लामपूरच्या क्लबात पिंगपाँगची फायनल होती. कृष्णातनं पत्रा ठोकलेली लांबुडकी बॅट काढली, तसे समोरचे हंबीरराव पाटील तडकले. "मास्तर, असली बॅट चालती व्हय?"

पंच पायगोंडा मास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "कशाचीबी, कसल्याबी आकाराची चालती."

"पर एवढी लांब कशाला रं?"


"तुमच्याच मापाची हाय, पाटील," कृष्णात हळूच म्हणाला. "परवा देवळाबाहेर तुमी वहाणा काढल्या व्हत्या, तवा माप घेतलं."