कागद काढ

बोर्लीच्या मेडिकलमध्ये बायकांचं काही घेतलं, की ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधूनच हातात पडतं. ठमाबाईंच्या कॅन्सरच्या गोळ्याही काउंटरवरच्या ओंकारने तशाच बांधून पुढे सरकवल्या.

"सोड तो दोरा," ठमाबाई म्हणाल्या.

"काकी, माणसं उभी हायत," ओंकार हळूच म्हणाला.

"मग मी काय चोरी करते? ह्या गोळ्यांनी बोटं आखडतात माझी, घरी तुझी गाठ सुटत न्हाय." मागची माणसं ऐकतायत म्हटल्यावर ठमाबाईंचा आवाज आणखी चढला. "छातीचा कॅन्सर झाला व्हता मला. परत येऊ नये म्हणून रोज ही गोळी घेते, नि त्याच बोटांनी भाकऱ्याबी थापते. पाळी व्हती तवर सगळं कागदात लपवून नेलं. ती कधीच गेली, मग आता कागद कशाला?"

ओंकारने दोरा तोडून कागद काढला. ठमाबाईंनी गोळ्यांची पट्टी उघडीच हातात धरली आणि ताठ मानेने निघाल्या. पायरीवर चपला घालताना त्यांनी मागे पाहिलं.

पुरुष गिऱ्हाईकं जायची वाट बघत केव्हाची कोपऱ्यात उभी असलेली साठीची रेहाना पुढे झाली होती. ओंकारने तसलीच पट्टी काढली आणि सवयीने कागद ओढला. रेहानाने त्या कागदावर हात ठेवला.

"नको बेटा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मलापण उघडीच दे."