फाईल सापडत नाही

आम्ही काढलेले लग्नाचे फोटो समोरच्या स्टुडिओच्या जाहिरातीत, त्यांचा लोगो टाकून झळकायला लागले, तेव्हा माझा संशय थेट आमच्या ऑपरेटरवर गेला. "घरभेदी हाच," मी मेहुण्याला म्हणालो.

"दाजी, मला तर त्याची लक्षणं पहिल्यापासूनच ठीक दिसत नव्हती," मेहुणा म्हणाला.

सगळ्या फोटोंवर एकदम आपला लोगो टाकणारी स्क्रिप्ट मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी पेनड्राइव्हमध्ये आणून दिली. शेवटी घरचा माणूस तो घरचा माणूस! ऑपरेटरला मी त्याच दुपारी कामावरून काढून टाकलं.

संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली, तर एरर आली: 'फाईल उघडता येत नाही. फोल्डर सापडत नाही.' जाताजाता त्या हरामखोराने काहीतरी पळवलंच असणार! मी तडक मेहुण्याला फोन लावला.

"घाबरू नका दाजी. स्क्रिप्ट फोटो कुठे शोधतेय, तो पत्ता एररच्या खालीच असतो. वाचा बरं मोठ्याने."

मी चष्मा लावून वाचायला लागलो.

आधी समोरच्या स्टुडिओच्या नावाचं फोल्डर, त्यात 'लोगो टाकायचे', आणि त्यात 'दाजींकडचे फोटो'.